विधी, अभ्यास आणि प्रयोग : वामन केंद्रे यांच्या रंगकार्याचा एक विचार

मराठी नाट्यसमीक्षेत ‘प्रायोगिक’ हे विशेषण जितके वापरले गेले तितके तपासले गेले नाही. १९६० मध्ये स्थापन झालेले ‘रंगायन’, १९७१ मधील ‘आविष्कार’ आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात उभी राहिलेली चळवळ यांच्या अनुभवातून या विशेषणाचा एक अर्थ रूढ झाला. छोटे नाट्यगृह, मोजका प्रेक्षक, तिकीटखिडकीविषयी उदासीनता, पाश्चात्त्य आधुनिक नाटकाशी जवळचा परिचय आणि व्यक्तीच्या अंतर्विश्वाकडे वळलेली संहिता ही त्याची ठळक लक्षणे होत. या अर्थाने मराठी रंगभूमीला बरेच काही दिले, याविषयी दुमत नाही. तथापि मुंबई-पुण्याबाहेर, विशेषतः विद्यापीठांच्या नाट्यविभागांतून जे काम झाले ते या व्याख्येत नीट बसत नाही आणि म्हणून ते पुष्कळदा ‘लोकनाट्य’ किंवा ‘ग्रामीण’ या शीर्षकाखाली बाजूला ठेवले गेले. बीड जिल्ह्यातील दरडवाडी येथून आलेले दिग्दर्शक वामन केंद्रे यांचे रंगकार्य या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. प्रयोग आणि अभ्यास ही दोन वेगळी कामे आहेत, हे गृहीतकच या कार्याने अडचणीत आणले. प्रस्तुत लेखात त्यांच्या सर्व नाटकांचा आढावा घेण्याचा हेतू नाही. लोकपरंपरेतील विधीला रंगमंचावर आणताना दिग्दर्शक त्याला सजावटीचे साहित्य मानतो की ज्ञानाचा विषय मानतो, हा प्रश्न मध्यवर्ती धरून ‘झुलवा’ या प्रयोगाभोवती ही चर्चा केली आहे.

१

मराठवाड्याच्या नाट्यजीवनाची घडण उर्वरित महाराष्ट्राहून निराळी आहे. १९४८ पर्यंत निजामी राजवट, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना अशा टप्प्यांतून आलेल्या या प्रदेशात संगीत नाटकाच्या व्यावसायिक परंपरेने खोल मूळ धरले नाही. त्या जागी होते ते गोंधळ, भारूड, कीर्तन, तमाशा आणि देवदेवतांचे विधी. परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावी लग्नानंतर घातला जाणारा गोंधळ पाहायला कोणी ‘प्रेक्षक’ म्हणून जात नाही; तो कुलाचार असतो. संबळ वाजू लागला, दिवटी पेटली, चौक भरला की घरातील माणसे त्या विधीचे घटक होतात. पूर्वरंगातील देवतांचे आवाहन आणि उत्तररंगातील आख्यान यांच्यामध्ये संवाद, नकला, विनोद, गाणे असे सारे नाट्य येते. परंतु त्याचे प्रयोजन करमणुकीपुरते नसते. परभणीचे राजारामबापू कदम यांच्यासारख्या गोंधळ्यांनी ही परंपरा शहरी रंगमंचापर्यंत नेली तेव्हा अभ्यासकांसमोर जो प्रश्न उभा राहिला तोच पुढे दिग्दर्शकांसमोरही राहिला. विधीचे प्रयोजन गळून पडल्यावर त्याच्या रूपात काय उरते?

या प्रदेशात दुसरा एक प्रवाह होता. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबाद येथे स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये सादर झाले आणि ते स्वतः बाबासाहेबांनी पाहिले. दलित रंगभूमीचा हा आरंभबिंदू मानला जातो. पुढे दत्ता भगत यांनी ‘आवर्त’सारख्या एकांकिकेत लोकनाट्याचा घाट वैचारिक आशयासाठी राबविला. रुस्तुम अचलखांब यांनी तमाशाकडे अभ्यासक आणि दिग्दर्शक अशा दुहेरी नात्याने पाहिले. ‘तमाशा लोकरंगभूमी’ हा त्यांचा ग्रंथ त्याची साक्ष होय. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभाग हे या साऱ्यांचे भेटीचे ठिकाण ठरले. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेले कमलाकर सोनटक्के यांचा तो विभाग आकारास आणण्यात मोठा वाटा होता. ‘नाट्यशास्त्र’ हा शब्द उच्चारताच भरताकडे पाहण्याची जी विद्यापीठीय सवय असते तिला येथे गावाकडून आलेल्या विद्यार्थ्यांनी आपोआप छेद दिला. त्यांतील कित्येकांनी नाट्यगृह पाहण्यापूर्वी भारूड पाहिलेले होते.

केंद्रे यांचे प्रारंभीचे नाट्यशिक्षण या विभागात झाले. तो काळ विसरता येण्याजोगा नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. गाव म्हणजे लोकसंस्कृतीचे निरागस भांडार, ही शहरी कल्पना या प्रदेशातील कोणाही संवेदनशील विद्यार्थ्याला त्यानंतर बाळगता येणे शक्य नव्हते. ज्या गावात भारूड रंगते त्याच गावात वेशीबाहेरची वस्ती जळते, ही जाणीव ‘झुलवा’ वाचताना-पाहताना सतत जवळ ठेवावी लागते.

२

केंद्रे १९८२ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून पदवीधर झाले. १९७७ पासून त्या संस्थेची सूत्रे ब. व. कारंत यांच्याकडे आली होती. इब्राहिम अल्काझी यांच्या कारकिर्दीतील (१९६२-१९७७) काटेकोर, नेपथ्यप्रधान, युरोपीय शिस्तीच्या रंगभाषेनंतर कारंतांनी संगीत आणि पारंपरिक नाट्यरूपे यांना प्रशिक्षणात मानाचे स्थान दिले. यक्षगानाच्या अंगाने केलेले त्यांचे ‘मॅक्बेथ’चे रूपांतर ‘बरनम वन’ (१९७९) हे त्याचे उदाहरण. केंद्रे यांच्या प्रयोगांत संगीत हे प्रसंगाला मागून दिलेली साथ न राहता प्रसंगाची रचनाच करते, याचे मूळ पुष्कळ अंशी येथे शोधता येईल. पदवीनंतर त्यांनी केरळमधील लोकनाट्यरूपांचा अभ्यास केला. मराठी दिग्दर्शकाने आपल्या परंपरेकडे जाण्यापूर्वी केरळला वळसा घालावा हे वरवर चमत्कारिक वाटते. पण आपल्या अंगणातील गोष्ट परक्या अंगणात पाहिल्यावर अधिक स्पष्ट दिसते, हा संशोधनातील नेहमीचा अनुभव आहे. तेय्यमसारख्या रूपात समाजाच्या खालच्या थरातील माणूस विधीच्या काळापुरता देव होतो आणि एरवी ज्यांच्यापुढे वाकावे लागते ते त्याच्यापुढे वाकतात. यल्लमाच्या जोगत्यांच्या बाबतीतही याच जातीची उलथापालथ घडते. फरक असा की, जोगत्याची ती अवस्था त्या रात्रीपुरती नसते. ती त्याला जन्मभर वागवावी लागते.

हा काळ भारतीय रंगभूमीवर ‘मुळांकडे’ जाण्याच्या घोषणेचा होता. सुरेश अवस्थी यांनी ‘मुळांची रंगभूमी’ ही संकल्पना हिरिरीने मांडली. संगीत नाटक अकादमीने १९८४ पासून पारंपरिक रूपांच्या आधारे काम करणाऱ्या तरुण दिग्दर्शकांना साहाय्य देण्याची योजना राबविली आणि देशभर लोकशैलीतील नाटकांचे पीक आले. मराठीत याची पूर्वतयारी आधीच झाली होती. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५), तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२), आळेकरांचे ‘महानिर्वाण’ (१९७४), पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) ही नावे सर्वांना परिचित आहेत. या प्रयोगांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ‘घाशीराम’मधील माणसांची भिंत ही तर मराठी दिग्दर्शनातील एक अजोड कल्पना होय. मात्र या सर्व नाटकांत लोकरूप आणि नाटकाचा आशय यांच्यात एक जाणीवपूर्वक अंतर आहे. रूप एका समाजातून घेतलेले असते, गोष्ट दुसऱ्या समाजाची असते आणि त्या विसंगतीतून उपरोध निर्माण होतो. ‘महानिर्वाण’मध्ये कीर्तन चाळीतल्या मृत्यूवर स्वार होते, म्हणूनच ते हसवते आणि अस्वस्थही करते.

उपरोधाचा हा मार्ग ‘झुलवा’ला बंद होता. तेथे रूप ज्यांचे होते, गोष्टही त्यांचीच होती.

३

उत्तम बंडू तुपे (निधन २०२०) यांची ‘झुलवा’ ही कादंबरी यल्लमाला सोडलेल्या मुली आणि जोगते यांच्या जीवनावरील आहे. तुपे यांचे ‘काट्यावरची पोटं’ हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे त्यांना त्यांच्या लेखनातील दारिद्र्याचा अनुभव बाहेरून मिळविलेला नाही, हे वेगळे सांगावयास नको. कादंबरीच्या केंद्रस्थानी जगन ही जोगतीण आहे. देवीला वाहिल्यामुळे तिला लग्न नाही. जे काही आहे ते लग्नासारखे भासणारे, पण लग्नाचे कोणतेही संरक्षण न देणारे नाते. ‘झुलवा’ हे नाव या फसव्या नात्याकडेच निर्देश करते. चेतन दातार यांनी या कादंबरीचे नाट्यरूपांतर केले आणि १९८७ मध्ये केंद्रे यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा प्रयोग झाला. सयाजी शिंदे आणि सुकन्या कुलकर्णी या नटांची नावे या प्रयोगामुळे नाट्यरसिकांच्या ओळखीची झाली.

दिग्दर्शकापुढील पेच येथे नीट पाहिला पाहिजे. यल्लमाचा विधी दृश्य आणि श्राव्य या दोन्ही अंगांनी अत्यंत आकर्षक आहे. डोक्यावर जग घेऊन निघालेल्या बायका, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी, साडी नेसलेले जोगते आणि त्या सर्वांना ओढून नेणारा चौंडक्याचा नाद. तुणतुण्याचा एकच सूर आणि चौंडक्याचा घुमारा एकत्र आला की शहरी प्रेक्षागृहातही अंगावर काटा येतो. पण नेमका येथेच धोका आहे. ज्या विधीने जगनचे आयुष्य उद्ध्वस्त केले तोच विधी रंगमंचावर प्रेक्षकाला सुख देणार. प्रेक्षकाने त्या तालावर मान डोलावली तर तो देखील सौंदत्तीच्या यात्रेतील गर्दीचाच एक भाग होतो. आणि विधी कोरडा, अनाकर्षक करून दाखविला तर तो हजारो माणसांना का धरून ठेवतो हे कळणारच नाही. मग जोगतीण केवळ अंधश्रद्धेची बळी ठरते आणि समाजकल्याण खात्याच्या माहितीपटाइतकाच अनुभव हाती येतो.

केंद्रे यांनी यांतील पहिला धोका पत्करला. समूहाची हालचाल, गाणे आणि वाद्य यांना त्यांनी पूर्ण मोकळीक दिली. या निर्णयावर आक्षेप घेता येतो आणि तो सौम्य शब्दांत घेण्याचे कारण नाही. दुःखाचे इतके सुरेल दर्शन दुःखाची धार बोथट करते काय, हा प्रश्न ‘झुलवा’च्या संदर्भात खरा आहे. तरीही हा निर्णय केवळ प्रेक्षकानुनयातून आलेला नाही, असे मानण्यास आधार आहे. विधीची पकड ही त्या समाजाच्या दृष्टीने खरी गोष्ट आहे. जगनला त्यातून बाहेर पडता येत नाही याचे कारण केवळ बाहेरची सक्ती नव्हे. त्या नादात, त्या भंडाऱ्यात तिला मिळणारा मान आणि तिच्या सोबतीणींचे जग हेही तिला बांधून ठेवतात. घरी जिला कोणी विचारत नाही तिच्या पायाशी यात्रेत माणसे लोटांगण घालतात. हे दुहेरी बंधन अभ्यासकाला परिच्छेदांतून सांगता येते. रंगमंचावर ते सांगण्याचा उपाय एकच : प्रेक्षकाला त्या पकडीत क्षणभर सापडू देणे आणि मग त्याला त्याची किंमत दाखविणे. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त (१९७८) रेणुका-यल्लमाच्या उपासनेचा मागोवा घेताना भूमी आणि सर्जन यांच्या आदिम श्रद्धांपर्यंत मजल मारली आहे. तो ग्रंथ वाचून ‘झुलवा’चा विचार केल्यास एक गोष्ट लक्षात येते. विद्वानाला जेथे देवीच्या सर्जनशक्तीचे प्रतीक दिसते तेथे जगनच्या वाट्याला वांझोटे, अनिश्चित आयुष्य येते. सर्जनाच्या देवतेच्या दासीला स्वतःचा संसार नाही, या विरोधाकडे संस्कृतीच्या अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. या एका प्रयोगाने ते वेधले.

कायद्याचा इतिहासही येथे नोंदविला पाहिजे. मुंबई प्रांतात १९३४ मध्ये देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला होता. कर्नाटकाने १९८२ मध्ये देवदासी-समर्पणाला बंदी घालणारा कायदा केला. महाराष्ट्राचा नवा कायदा आला तो २००५ चा. म्हणजे ‘झुलवा’ रंगमंचावर आला तेव्हा महाराष्ट्रातील विधिविषयक स्थिती अर्धशतकापूर्वीचीच होती. नाटकाने कायदा घडविला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण जोगतीण हा शब्द वृत्तपत्रीय लेखांतून आणि परिषदांच्या ठरावांतून उचलून नाट्यगृहातील मध्यमवर्गीय प्रेक्षकासमोर एक जिवंत, बोलणारी, हट्टी स्त्री म्हणून उभा करण्याचे काम या प्रयोगाने केले, हे नाकारता येत नाही.

४

‘झुलवा’नंतरच्या वाटचालीत केंद्रे व्यावसायिक रंगभूमीकडे वळले. ‘एक झुंज वाऱ्याशी’, ‘चार दिवस प्रेमाचे’ आणि विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ कादंबरीवर आधारलेले ‘रणांगण’ ही नाटके एकमेकांपासून दूरची आहेत. त्यांपैकी ‘रणांगण’मध्ये समूहरचनेवरील त्यांचे प्रभुत्व पुन्हा दिसते, परंतु तेथे समूह हा भव्यतेचे साधन आहे, ‘झुलवा’तील समूहासारखा तो स्वतःविषयी काही सांगत नाही. प्रायोगिकतेच्या रूढ व्याख्येनुसार हा प्रवास ‘तडजोडीचा’ ठरवणे सोपे आहे. पण हीच व्याख्या लावली तर मच्छिंद्र मोरे यांच्या ‘जानेमन’चे काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. हिजड्यांच्या जीवनावरील हे नाटक केंद्रे यांनी रंगमंचावर आणले तेव्हा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांची चर्चा मध्यमवर्गात जवळजवळ नव्हतीच. सर्वोच्च न्यायालयाचा त्यासंबंधीचा महत्त्वाचा निर्णय १५ एप्रिल २०१४ चा आहे. ‘झुलवा’तील जोगत्यापासून ‘जानेमन’पर्यंत एक सलग धागा आहे. पुरुषाचा देह आणि स्त्रीचा वेष यांच्या सीमेवर समाजाने ज्यांना ढकलले, त्यांचे स्वतःचे कायदे, गुरु-शिष्य नाती, भाषा आणि मत्सर यांचा तो शोध आहे. तो दयेच्या सुरात होत नाही, हे त्याचे बळ.

अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय वाटते ते भासाच्या ‘मध्यमव्यायोगा’वर त्यांनी केलेले काम. हिंदीत ‘मोहे पिया’, मराठीत ‘प्रिया बावरी’ आणि इंग्रजीतही सादर झालेल्या या रचनेत हिडिंबा केंद्रस्थानी आली. मूळ एकांकी नाटकात घटोत्कच एका ब्राह्मण कुटुंबातील मधला मुलगा आईच्या पारण्यासाठी मागतो आणि ‘मध्यम’ या हाकेला पांडवांतील मधला, म्हणजे भीम, ओ देतो. शेवटी हिडिंबेची युक्ती उलगडते आणि नाटक संपते. भासाला बाप-लेकाच्या भेटीत रस आहे; टाकून दिलेल्या बायकोने इतकी वर्षे काय केले, हे तो विचारत नाही. केंद्रे यांच्या रचनेने तो प्रश्न विचारला. भासाची तेरा नाटके गणपतिशास्त्री यांना केरळातच सापडली आणि १९१२ पासून ती प्रकाशात आली. त्याच केरळात कावालम नारायण पणिक्कर यांनी हेच ‘मध्यमव्यायोग’ प्रादेशिक शरीरभाषेत उभे करून संस्कृत नाटकाच्या आधुनिक प्रयोगाला वेगळे वळण दिले होते. पणिक्करांनी संहितेला हात न लावता देह आणि ताल बदलला. केंद्रे यांनी संहितेचाच गुरुत्वमध्य हलविला. अभिजात संहितेशी वागण्याच्या या दोन रीती पदव्युत्तर वर्गात शेजारी ठेवून शिकविण्याजोग्या आहेत. आणखी असे की, जगन आणि हिडिंबा या दोघी दूरच्या नाहीत. एकीला देवाने, दुसरीला नायकाने वापरून झाल्यावर मागे ठेवले आहे.

अध्यापन आणि प्रशासन हा या कारकिर्दीचा तिसरा भाग. मुंबई विद्यापीठात २००३ मध्ये स्थापन झालेल्या नाट्यकला अकादमीचे ते संस्थापक-संचालक होते. २०१३ ते २०१८ या काळात त्यांनी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालकपद भूषविले. संगीत नाटक अकादमीचा २०१२ चा पुरस्कार आणि २०१९ मधील पद्मश्री यांची नोंद येथे पुरेशी आहे. संचालकपदाच्या अखेरच्या काळात, १७ फेब्रुवारी ते ८ एप्रिल २०१८ या ५१ दिवसांत, आठव्या ‘थिएटर ऑलिम्पिक्स’चे यजमानपद भारताने केले, सतरा शहरांत प्रयोग झाले. एवढ्या प्रचंड उत्सवातून रंगभूमीला टिकाऊ असे काय मिळाले, यावर मतभेद संभवतात आणि ते असणे स्वाभाविक आहे. उत्सवाचा खर्च आणि गाव-तालुक्यांतील नाट्यगृहांची अवस्था यांची तुलना कोणीही करू शकेल.

मुंबईतील अकादमीचे काम याहून निराळ्या मापाने पाहावे लागते. तेथील दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे महाराष्ट्राच्या जिल्ह्या-जिल्ह्यांतून विद्यार्थी आले. त्यांपैकी एखाद्याने घरचा गोंधळ, घरची भारुडे, घरातल्या बाईच्या अंगात येणारी देवी पाहिलेली असते आणि प्रवेशपरीक्षेच्या मुलाखतीत तो ती सांगायला लाजतो. मराठवाडा विद्यापीठाच्या विभागात १९७० च्या दशकात जो पेच होता तोच येथे दुसऱ्या पिढीत परत येतो. या विद्यार्थ्याला स्तानिस्लावस्की आणि ब्रेख्त वाचायला लावणे अवघड नाही, तशी सोय सर्वत्र आहे. त्याने जे पाहिले आहे ते नोंदवावे कसे, त्यातील अर्थ आणि शोषण एकाच वेळी ओळखावे कसे आणि मग त्याला रंगमंचावर आणावे की आणू नये हे ठरवावे कसे, याचे पाठ्यपुस्तक मराठीत अद्याप लिहिले जावयाचे आहे. तोवर ‘झुलवा’ची कादंबरी, दातार यांचे रूपांतर आणि प्रयोगाविषयीच्या प्रेक्षकांच्या आठवणी हे तीन दस्तऐवज एकत्र ठेवून वर्गात चर्चा करता येईल, आणि त्या चर्चेला एखादी जोगतीण स्वतः उपस्थित असेल तर तिचे म्हणणे आधी ऐकावे लागेल.